दुरून शिकलेली शुश्रूषा



ज्या व्याख्यानमालेचा पाया न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातला, तिच्या व्यासपीठावर उभे राहिले की कोणाचीही छाती थोडी दडपतेच. त्यातून आम्ही कोणी विद्वान नव्हे. पुण्यात वाणिज्य शाखेची पदवी घेतली, मग संसार मांडला, यजमानांच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेलो आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होऊन परिचारिकेची पदवी घेतली. ती पदवीही अशी की महाविद्यालय एका राज्यात, आम्ही दुसऱ्या राज्यात, आणि चार वर्षांचा म्हणून समजला जाणारा अभ्यास सोळा महिन्यांत उरकलेला. चिटणीसांच्या कानावर ही हकीकत गेली आणि त्यांनी आग्रह धरला, म्हणून हे धाडस.

आरंभीच एक खुलासा करतो. व्याख्यानभर आम्ही ‘आम्ही’ असेच म्हणणार आहोत, त्यात मोठेपणाचा आव नाही. हा अभ्यास एकट्याने झालाच नाही. यजमान पोळ्या लाटायला शिकले, आठवीतल्या मुलीने रक्तदाब मोजायला आपला दंड पुढे केला, तेव्हा कुठे तो झाला. म्हणून ‘मी’ म्हणण्याचे धैर्य होत नाही.

विषयाचे नाव काढले की पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो योग्यच आहे. पोहणे कधी पत्राने शिकता येते काय? पाण्यात पडल्याशिवाय हात मारता येत नाहीत, मग आजाऱ्याची शुश्रूषा घरबसल्या कशी शिकता येईल? या प्रश्नाचे आम्हाला जे उत्तर मिळाले, तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. त्यासाठी आधी ही पदवी म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका होण्याचे दोन मोठे रस्ते आहेत: सुमारे दोन वर्षांची सहपदवी किंवा चार वर्षांची पदवी. परवान्याची परीक्षा दोघींना एकच. पण चार वर्षांच्या पदवीत भाषा, इतिहास, समाजशास्त्र असे सामान्य विषय बरेच असतात. ज्याने दुसऱ्या शाखेची पदवी आधीच घेतली आहे त्याला ते पुन्हा कशाला शिकवायचे, या साध्या विचारातून वेगवान अभ्यासक्रम निघाला. सेंट लुइस विद्यापीठाने असा पहिला अभ्यासक्रम १९७१ साली सुरू केला. आज असे अभ्यासक्रम बहुधा अकरा ते अठरा महिन्यांचे असतात. म्हणजे वेग येतो तो दोन गोष्टींतून: झालेले विषय गाळायचे आणि सुट्ट्या गाळायच्या. त्यापलीकडे गाळण्यासारखे काही नसते.

दूरस्थपणाची गोष्टही अशीच. व्याख्याने, वाचन, चर्चा आणि परीक्षा संगणकावर होतात. हाताने करायच्या गोष्टी शिकण्यासाठी काही दिवस महाविद्यालयात जाऊन राहावे लागते. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास मात्र आपल्या गावाजवळच्या रुग्णालयात, अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली भरावे लागतात. म्हणजे दूर असतो तो वर्ग. रोग्याची खाट दूर ठेवता येत नाही.

परवान्याची परीक्षा एकच असेल तर पदवीचा हट्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याला थोडा शास्त्रीय आधार आहे. लिंडा एकन या संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढले की शस्त्रक्रिया झालेले रोगी तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी आढळली. युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासात, २०१४ साली, हीच घट सुमारे सात टक्के दिसली. आणि त्याच अभ्यासात असेही दिसले की परिचारिकेवर एक रोगी जादा सोपवला की तो धोका तितकाच, म्हणजे सात टक्क्यांनी, वाढतो. हा दुसरा आकडा विसरू नये. पदवीधर सिस्टरच्या गळ्यात दुप्पट रोगी बांधले तर पदवीचा गुण तिथेच फिटतो.

हे आकडे सांगताना आमच्याच बाजूची एक उणीवही सांगितली पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. शिवाय या अभ्यासांनी पदवीधर परिचारिका मोजल्या. त्या दुरून शिकल्या की वर्गात बसून, हे निराळे केलेले नाही. तेव्हा ‘पदवी चांगली, म्हणून दूरस्थ पदवीही चांगली’ अशी उडी मारता येत नाही.

आता अर्जाकडे वळतो. जाहिरातीत ‘सोळा महिने’ असे ठळक अक्षरांत असते. आम्हालाही ते गोड वाटले. पण दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटे नाही. सोळा महिन्यांची मोजणी सुरू होण्यापूर्वी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र असे विषय उत्तीर्ण झालेले असावे लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी शास्त्राचे विषय अलीकडच्या काही वर्षांतलेच चालतात. वाणिज्य शाखेच्या माणसाजवळ यातले एक संख्याशास्त्र सोडले तर काय असणार? तेही जुने. आम्ही गावातल्या सामुदायिक महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गांना दीड वर्ष जाऊन हे विषय केले. शेजारी बसणारी मुले आमच्या मुलीहून पाचसहा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी त्यांना वाटले, बाईच शिकवायला आल्या.

दुसरा अडथळा पदवीचा. वेगवान अभ्यासक्रमाला पहिली पदवी हवी, आणि आपली पदवी तीन वर्षांची. परदेशी गुणपत्रिकांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या हिशेबात तीन वर्षांची भारतीय पदवी सरसकट पूर्ण पदवी धरली जात नाही. आम्ही पुढे एम. कॉम. केले होते म्हणून निभावले. पण त्यासाठी विद्यापीठाने गुणपत्रिका मोहोरबंद पाकिटात परस्पर पाठवायच्या. कोणाचे नाव घेत नाही, एवढेच सांगतो की वडील वयाच्या पंचाहत्तरीत त्या एका पाकिटासाठी सहा वेळा खिडकीपाशी उभे राहिले, आणि सहाव्या वेळी खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले, “आजोबा, शिकतंय कोण?” वडील म्हणाले, “आमची मुलगी.” “वय?” वयाचा आकडा ऐकल्यावर ते गृहस्थ उठले आणि तासाभरात पाकीट तयार झाले.

तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. महाविद्यालय दुसऱ्या राज्यातले असले तर आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्याला शिकवण्याची, आपल्या राज्यात रुग्णसेवेचे तास घेण्याची मुभा त्याला आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. तिथे परिचर्येचे मंडळ प्रत्येक राज्याचे निराळे. आम्ही पसंत केलेले पहिले महाविद्यालय याच कारणाने बाद झाले.

त्यानंतर प्रवेशपरीक्षा, दोन शिफारसपत्रे आणि एक निवेदन: आपण परिचारिका का होऊ इच्छिता? आम्ही पहिला मसुदा लिहिला त्यात सेवा, त्याग, करुणा हे शब्द इतक्या वेळा आले की मुलगी म्हणाली, “आई, हे तू कुणाबद्दल लिहिलं आहेस?” मग तो फाडला आणि खरे ते लिहिले: सासूबाईंच्या शेवटच्या आजारात पुण्याच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरने त्यांची कूस कशी बदलली, पाठीला पावडर लावता लावता पाठीवरचा लाल डाग तिच्या नजरेने कसा टिपला, आणि तीन दिवस जवळ बसून आम्हाला तो का दिसला नाही. तेवढेच लिहिले. प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाल्यावर आरोग्याचे कागद. गोवर, कांजिण्या, कावीळ ब यांच्या लसींचे दाखले, आणि क्षयाची चाचणी. आपल्याकडे लहानपणी बीसीजी टोचलेली असते. त्यामुळे कातडीवरची चाचणी कित्येकदा उगाचच फुगते. आमचीही फुगली. रक्ताची वेगळी चाचणी करून क्षय नाही हे सिद्ध करावे लागले. शिवाय पोलिसी तपासणी, आणि बंद पडलेले हृदय चालू करण्याच्या प्रथमोपचाराचा दाखला.

अभ्यासाविषयी लांबण लावत नाही. पहाटे चारला उठून ध्वनिचित्रित व्याख्याने ऐकायची, आठवड्याला शेकडो पाने वाचायची, दर आठवड्याला परीक्षा. परीक्षा घरी, पण कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे. आधी खोलीच्या चारी भिंती, टेबलाचा खालचा भाग, हाताची मनगटे सगळे त्याला दाखवायचे. आमच्या महाविद्यालयात शंभरापैकी ७७ च्या खाली नापास. पस्तीस गुणांवर पास होणाऱ्या पिढीला हे ऐकून घेरी यावी. औषधमात्रेच्या गणितात तर जवळजवळ सगळे बरोबर यावे लागते, कारण दशांशचिन्ह एक घर सरकले तर रोग्याला दसपट औषध जाते. हजार मिलीलीटर सलाईन आठ तासांत द्यायचे, नळीतून एका मिलीलीटरला पंधरा थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? एकतीस. इथे मात्र वाणिज्य शाखा कामाला आली.

वेगाचा खरा अर्थ आम्हाला दुसऱ्या सत्रात कळला. आमच्या तुकडीतल्या एका बाईंची आई आजारी पडली. दोन आठवडे गेले आणि एक विषय राहिला. चार वर्षांच्या पदवीत हे खड्ड्यातून गाडी गेल्यासारखे झाले असते. इथे गाडीच निघून गेली. पुढच्या तुकडीची वाट पाहायची, तोवर शुल्कासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चालू. त्या परत आल्या नाहीत. हुशारी त्यांची आमच्याहून अधिक होती. वेगवान अभ्यासक्रमात बुद्धीइतकीच घरातल्या माणसांची परीक्षा होते, आणि ज्याच्या घरी दुसरा कोणी पोळ्या लाटणारा नाही त्याची फी दुप्पट पडते.

आता खाटेकडे येतो. ‘रुग्णसेवेची जागा आम्ही मिळवून देऊ’ असे महाविद्यालयाने सांगितले होते. सत्र सुरू व्हायला बारा दिवस उरले तरी जागा नव्हती. आम्ही स्वतः नऊ रुग्णालयांना दूरध्वनी केले. बहुतेक ठिकाणी जवळच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी आधीच घेतलेले. शेवटी साठ मैलांवरच्या एका लहान रुग्णालयात जागा मिळाली. सकाळी पावणेसातला वॉर्डात हजर व्हायचे म्हणजे हिवाळ्यात पाच वाजता बर्फातून गाडी काढायची. दूरस्थ शिक्षणातले अंतर आम्हाला तिथे भेटले.

त्या वॉर्डातला एक दिवस सांगतो. ऐंशीच्या घरातले एक शेतकरी आजोबा. आम्ही नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, श्वास मोजले, रक्तातला प्राणवायू पाहिला. सगळे आकडे बरे. “कसे आहात?” “छान.” आम्ही तसे लिहिले आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या सिस्टरना दाखवले. त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रात्री हे कुठे झोपले?” आम्ही म्हणालो, “खाटेवर.” त्यांनी कोपऱ्याकडे बोट केले. कोपऱ्यात आरामखुर्ची होती. तिच्यावर चुरगळलेले पांघरूण आणि दोन उशा होत्या. खाटेची चादर मात्र कालची तशीच, सुरकुतीही नव्हती.

हृदय थकले की फुफ्फुसांत पाणी साचते, आडवे झाले की दम लागतो, म्हणून असा रोगी बसून झोपतो. हे आम्ही दोन आठवड्यांपूर्वीच वाचले होते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि उत्तर बरोबर लिहिले होते. पण पुस्तकात त्या लक्षणाला एक ग्रीक वळणाचे नाव होते. खोलीत त्याचे नाव होते पांघरूण. सिस्टरनी आजोबांचे वजन करवले, तर ते दोन दिवसांत पावणेदोन किलोंनी वाढलेले. डॉक्टरांना कळवले, लघवी वाढवणारे औषध सुरू झाले. तिसऱ्या रात्री आजोबा खाटेवर झोपले.

परतीच्या साठ मैलांत आम्ही एकाच गोष्टीचा विचार केला. त्या दिवशी दारात सिस्टर उभ्या नसत्या तर आमचे तास भरले असते, सही झाली असती, आणि ते पांघरूण आम्हाला कधीच दिसले नसते. खाटेपाशी उभे राहणे पुरेसे नाही; आपल्या मागे कोणीतरी जाणते उभे असले पाहिजे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरे, पण काठावर पोहणारा कोणी नसेल तर नुसते पाण्यात पडून बुडणेच होते.

आता कृत्रिम रोग्यांवरही शिक्षण होते. श्वास घेणारा, नाडी लागणारा पुतळा असतो. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली असे शिक्षण दिले, तर प्रत्यक्ष तासांपैकी निम्म्यापर्यंत तास त्याने भरले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत. ‘चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली’ ही अट वगळून हा निष्कर्ष सांगणारे पुष्कळ भेटतात.

शेवटी परवान्याची परीक्षा, तिला तिथे एनक्लेक्स म्हणतात. संगणक उत्तरे पाहून पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा करीत जातो. २०२३ च्या एप्रिलपासून तिचे नवे रूप आले आहे. त्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, मुदत पाच तासांची. गुण मिळत नाहीत. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच. आम्ही उत्तीर्ण झालो.

पण परीक्षेची भिंतही किती पुरते, याचे उदाहरण जानेवारी २०२३ मध्ये जगापुढे आले. फ्लोरिडातील काही शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका व गुणपत्रिका विकल्याचा आरोप अमेरिकी सरकारने ठेवला आणि पंचवीस जणांवर खटले भरले. त्या कागदांच्या जोरावर परीक्षेला बसून काही जण उत्तीर्णही झाले आणि वॉर्डात रुजू झाले. यापासून एक धडा घ्यावा. परीक्षा लिहिलेले ज्ञान तपासते. खाटेपाशी घालवलेले तास कोणी तपासायचे, तर ते शाळेनेच. शाळा खोटी निघाली की तपासणारे कोणी उरत नाही.

आता आपल्या घराकडे. इथे बहुसंख्य सिस्टर तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका घेऊन वॉर्डात उभ्या राहिलेल्या आहेत. परिचर्येची चार वर्षांची पदवी आपल्याकडे १९४६ साली दिल्ली व वेल्लोर इथे सुरू झाली, पण ती साऱ्यांच्या वाट्याला कशी यावी? तालुक्याच्या रुग्णालयातल्या, दोन मुलांच्या आईने नोकरी सोडून पदवीला कसे जावे? याच विचाराने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली नोकरीत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी तीन वर्षांचा दूरस्थ पदवी अभ्यासक्रम सुरू केला. ही योजना आम्हाला शहाणपणाची वाटते. खाटेपाशी आधीच उभ्या असलेल्या बाईकडे पुस्तक पाठवायचे, असा तिचा क्रम आहे. जी बाई हजार रात्री जागली आहे, तिच्या हाती ते पुस्तक पडले की ओळी-ओळीला तिला रोगी आठवतात. जिने रोगी पाहिलाच नाही, तिला घरबसल्या परिचारिका करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नये.

म्हणून इथे बसलेल्या मुलींना, सिस्टरना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. कोणत्याही अभ्यासक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी ‘किती महिन्यांत होतो’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: मान्यता भारतीय परिचर्या परिषदेची आहे काय, आणि आपल्या राज्याची परिषद नोंदणी देईल काय? रुग्णसेवेचे तास किती, कोणत्या रुग्णालयात, आणि ते लेखी देता काय? तिथे आमच्यामागे कोण उभे राहणार? एक विषय राहिला तर पुढे काय? आणि पाचवा प्रश्न घरच्यांना विचारा: पोळ्या कोण लाटणार?

रुग्णालये चालवणाऱ्यांनाही एक विनंती. सिस्टर शिकू लागली की तिच्या रात्रपाळ्या वाढवू नका. आणि जी ज्येष्ठ सिस्टर नवख्या मुलीला शिकवते, तिच्याकडचे रोगी त्या दिवशी कमी करा. शिकवणे हे काम आहे; ते पुण्य म्हणून फुकट करून घेऊ नये.

रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी रात्री दिव्यापाशी बसवून शिकवले. घरातल्या बायकांचे बोल सोसत त्या घरीच शिकल्या; म्हणजे दूरस्थ शिक्षण तुम्ही-आम्ही समजतो तितके नवे नाही. पण पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि परिचारिका तयार करायची वेळ आली, तेव्हा रमाबाईंनी मुलींना दिव्यापाशी बसवून ठेवले नाही. लोकनिंदा पत्करून त्यांना ससून रुग्णालयात, रोग्यांच्या खाटांपाशी पाठवले. अक्षर घरी शिकता येते, शुश्रूषा तिथेच शिकावी लागते, हे त्या माउलीला कोणत्याही परिषदेच्या अहवालावाचून कळले होते.

आमची पदवी घरात भिंतीवर लावलेली आहे. तिच्यावर महाविद्यालयाचे नाव आहे, कुलगुरूंची सही आहे. दारात उभ्या राहिलेल्या त्या सिस्टरचे नाव तिच्यावर नाही. ती उणीव आज आपल्यापुढे बोलून थोडी भरून काढली.